पत्रिकेवर आणि फ्लेक्सवर स्वाहिली: शेरेहे, हाफ्ला, हारूसी यांतला कोणता शब्द कुठं?

छापखाना_जालना

नमस्कार मंडळी. संभाजीनगरात शिकणाऱ्या टांझानिया-केनियाच्या मुलांचं छपाईचं काम हाती आहे. पदवी घेऊन परत जाणाऱ्यांच्या निरोपाचा फ्लेक्स, एका जोडप्याच्या लग्नाच्या रिसेप्शनची पत्रिका आणि १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाचा वसतिगृहातला दोन भाषांतला बोर्ड, अशा तीन गोष्टी आहेत. मॅटर शेवटी मुलंच तपासणार, पण त्यांच्या परीक्षा चालू आहेत, त्यामुळं कच्चा मसुदा आम्हालाच लावायचाय.

'समारंभ' म्हणून ॲपला विचारलं की कधी शेरेहे येतं, कधी हाफ्ला, कधी सिकुकूउ, कधी तामाशा. मधला 'चा-ची-चे'चा शब्दही दर वेळी बदलतो: या, ला, वा, झा. पत्रिकेचा सध्याचा मसुदा असा आहे: "सिकुकूउ या हारूसी, जुमामोसी, साआ साबा जिओनी". कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी सातला आहे. 'मोसी' म्हणजे एक असं कळलं, मग जुमामोसी हा सोमवार तर नाही ना? निरोपाच्या फ्लेक्सवर 'सेंड-ऑफ' हाच शब्द ठेवला तर चालेल का? आणि सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंना चार वाक्यं स्वाहिलीत म्हणायची आहेत, ती कशी म्हणावीत तेही सांगा.

(उच्चार कळावा म्हणून इथं सगळं देवनागरीत लिहू. छापताना रोमनमध्येच जाणार आहे.)

गोदाकाठ

आधी मसुद्यातली मोठी चूक. सिकुकूउ म्हणजे सण. ईद, नाताळ, ईस्टर, सरकारी सुट्टीचा दिवस, म्हणजे जो दिवस सगळ्या समाजाचा असतो तो सिकुकूउ. एका घरच्या लग्नाला सिकुकूउ म्हटलं तर वाचणारा गोंधळून जाईल. तिथं शेरेहे पाहिजे.

शेरेहे हा सगळ्यांत ऐसपैस शब्द. वाढदिवस, लग्न, विजय, स्वातंत्र्यदिन, सगळीकडं चालतो. एकच कार्यक्रम असेल तर 'शेरेहे या', अनेक दिवसांचा किंवा राष्ट्रीय सोहळा असेल तर 'शेरेहे झा'. टांझानियात ९ डिसेंबरच्या सोहळ्याला 'शेरेहे झा उहूरू' म्हणतात, झांझिबारात १२ जानेवारीच्या क्रांतिदिनाला 'शेरेहे झा मापिंदूझी'. शब्द तोच राहतो, एकवचन की अनेकवचन ते फक्त या-झा वरून कळतं. म्हणून हा एक अक्षराचा शब्द प्रूफमध्ये नीट बघा, ॲप नेमकं तिथंच घसरतं.

हाफ्ला म्हणजे ठरवून आखलेला, भाषणं आणि पाहुणे असलेला कार्यक्रम. सत्कार, उद्‌घाटन, देणगी स्वीकारणं, निरोप. बातम्यांत रोज दिसणारा शब्द आहे. ताफ्रीजा त्याहून मोकळा, संध्याकाळच्या खाण्यापिण्याच्या मेळाव्यासारखा. कारामू म्हणजे पंगत, मेजवानी. जेवण हाच मुख्य भाग असेल तर कारामू, नाहीतर नको. या तिघांनाही 'या' लागतो.

तामाशा मात्र जपून. स्वाहिलीत तो चांगला, मानाचा शब्द आहे: सांस्कृतिक महोत्सव, नाच-गाणी, क्रीडा महोत्सव. 'तामाशा ला उतामादूनी' म्हणजे संस्कृती महोत्सव. याला 'ला' लागतो, 'या' नाही. पण फ्लेक्स जालन्यात किंवा संभाजीनगरात लागणार असेल, तर देवनागरी ओळीत हा शब्द देऊ नका. वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढं फड आणि ढोलकी येईल. रोमन ओळीत तामाशा ठेवा, मराठी ओळीत 'महोत्सव' लिहा.

पदवीदानाला वेगळा शब्द आहे, माहाफाली. तो नेहमी अनेकवचनी चालतो, म्हणून क्रियापदही तसंच: माहाफाली 'याताकायोफान्यीका', म्हणजे 'होणारे'. शेरेहे किंवा हारूसी असेल तर 'इताकायोफान्यीका'. सुरुवातीचं एक अक्षर फक्त बदलतं, पण चुकलं की मराठीत 'लग्न होणारे आहे' म्हटल्यासारखं कानाला खटकतं.

१७ सप्टेंबरच्या बोर्डासाठी माआदिमीशो घ्या. एखाद्या दिवसाची आठवण औपचारिकपणे पाळायची असेल तर हाच शब्द. 'उहूरू' घेऊ नका, तो स्वातंत्र्याचा आणि तिकडच्या लोकांच्या डोक्यात थेट स्वातंत्र्यदिनाचा. १५ ऑगस्टला 'सिकू या उहूरू' ठीक आहे. निझामाच्या राजवटीतून १९४८ साली सुटका झाली, तिला मुक्ती म्हणजे 'उकोम्बोझी' बरोबर बसतं. पूर्ण ओळ: "माआदिमीशो या सिकू या उकोम्बोझी वा मराठवाडा". उकोम्बोझीनंतर 'वा' आहे याकडं लक्ष द्या. खाली तारीख "तारेहे १७ सेप्तेम्बा" अशी.

औसेकर

सेंड-ऑफ अजिबात ठेवू नका. आपल्याकडं दहावी-बारावीच्या मुलांचा सेंड-ऑफ असतो. टांझानियात मात्र 'सेंड-ऑफ' हा शब्द लग्नातला झालाय. लग्नाच्या आधी मुलीकडचे तिला सासरी पाठवण्याचा जो कार्यक्रम करतात, तो सेंड-ऑफ. त्याच्याआधी बायकांची 'किचन पार्टी' असते, तिथं नवरीला संसाराची भांडीकुंडी देतात आणि मोठ्या बायका चार गोष्टी समजावून सांगतात. फ्लेक्सवर सेंड-ऑफ दिसलं तर टांझानियाची मुलं विचारतील, नवरी कोण?

निरोपाला 'हाफ्ला या कुवाआगा वाहितीमू' लिहा, म्हणजे पदवी घेतलेल्यांना निरोप देण्याचा कार्यक्रम. 'वाहितीमू' हा शब्द काढू नका. नुसतं 'कुआगा' मोकळं सोडलं तर अर्थ दुसरीकडं जातो, कारण 'कुआगा दुनिया' म्हणजे जगाचा निरोप घेणं, आणि पार्थिवाच्या अंत्यदर्शनालाही हेच क्रियापद वापरतात. कोणाला निरोप, हे लगेच पुढं आलं की शंका राहत नाही.

आता लग्न. हारूसी आणि न्दोआ यांत फरक आहे. न्दोआ म्हणजे विवाह, तो करार, तो विधी, ते नातं. 'कुफूंगा न्दोआ' म्हणजे विवाहबद्ध होणं. हारूसी म्हणजे लग्नाचा सोहळा. आरूसी असंही लिहितात, दोन्ही बरोबर, पण एका पत्रिकेत एकच रूप ठेवा. मुसलमान जोडप्याचा धार्मिक विधी असेल तर निकाही. तुमच्या जोडप्याचा विधी तिकडं झालेला असेल आणि इथं फक्त रिसेप्शन असेल, तर पत्रिकेत कुफूंगा न्दोआ येता कामा नये. त्याऐवजी 'शेरेहे या कुवापोंगेझा माहारूसी', म्हणजे वधूवरांचं अभिनंदन करण्याचा सोहळा. नवरदेव 'ब्वाना हारूसी', नवरी 'बीबी हारूसी', दोघं मिळून 'माहारूसी'. एकट्या बाईच्या नावाआधी मात्र 'बीबी' पूर्ण छापू नका, 'बी.' एवढंच लिहा. बीबी म्हणजे आजीसुद्धा होते.

क्रियापदाची दिशा सांभाळा. पुरुष 'कुओआ', बाई 'कुओलेवा', दोघं एकमेकांशी 'कुओआना'. नवरीच्या नावाला कुओआ लावलं तर वाक्य उलटंच होतं. आईवडील मुलीचं लग्न लावून देतात त्याला 'कुओझा' आहे खरं, पण कुओझा म्हणजे कुजणंही होतं, म्हणून पत्रिकेत 'कुओझेशा' हे रूप घ्यावं.

लग्नाच्या आधीचेही शब्द कानावर पडतील. 'पोसा' म्हणजे मागणी, बहुतेक पत्रानं जाते. ती नेणारा मध्यस्थ 'म्शेंगा'. वाङ्निश्चय झालेली दोघं 'वाचूम्बा', एकजण 'म्चूम्बा'. 'माहारी' मुलाकडून जाते. तिचा अर्थ हुंडा करू नका, दिशा बरोबर उलटी आहे. हे मराठी ओळीत चुकलं तर फार वाईट दिसेल.

'म्चांगो' हा शब्द तर पत्रिकेच्या कामात येणारच. टांझानियात लग्नासाठी समिती बसते, 'कामाती या हारूसी'. तिला अध्यक्ष, सचिव, खजिनदार असतात, बैठका होतात आणि वर्गणीची वेगळी कार्डं आधी वाटली जातात. आपला आहेर लग्नाच्या दिवशी हातात पडतो. म्चांगो लग्नाआधी जमतो आणि त्यातूनच मांडव-जेवणाचा खर्च निघतो. भेट, म्हणजे 'झावादी', ती वेगळीच. मुलांनी तुम्हाला दोन कार्डं छापायला सांगितली, एक म्चांगोचं आणि एक म्वालीकोचं म्हणजे आमंत्रणाचं, तर दुबार काम समजून एक गाळू नका. आमंत्रणाच्या कार्डावर कोपऱ्यात 'सिंगल' किंवा 'डबल' छापायला सांगतील, ते एकटा येणार की जोडीनं यासाठी. दोन गठ्ठे वेगळे बांधून द्या.

परभणीकर

वेळेचं कोणी बोललं नाही, आणि पाहुणे चुकणार ते तिथंच. 'साआ साबा' म्हणजे घड्याळातले सात नव्हेत, एक.

स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साधारण सहालाच उगवतो, त्यामुळं सकाळचे सात म्हणजे पहिला तास, 'साआ मोजा आसुबूही'. आपल्या घड्याळातून सहा वजा करा किंवा सहा मिळवा, स्वाहिली वेळ येते. दुपारचे बारा 'साआ सीता म्चाना', दुपारचे दोन 'साआ नाने म्चाना', संध्याकाळचे चार 'साआ कूमी जिओनी', संध्याकाळचे सहा 'साआ कूमी ना म्बीली जिओनी'. तुमचे संध्याकाळचे सात 'साआ मोजा', पुढं जिओनी (संध्याकाळ) किंवा उसीकू (रात्र), दोन्ही ऐकू येतं. साडेसात असतील तर 'साआ मोजा ना नूसू'.

आकड्यांतही तसंच लिहितात: साआ १:०० उसीकू. कार्डावर शेजारी मराठी ओळीत 'सायं. ७:००' असणार, म्हणजे एकाच कार्डावर १ आणि ७ दोन्ही दिसणार. प्रूफ वाचणाऱ्याला चूक वाटून तो दोन्हीकडं ७ करून टाकेल. प्रूफवर पेनानं आधीच लिहून ठेवा की हे असंच राहू द्यायचं. आसुबूही, म्चाना, जिओनी, उसीकू यांतला शब्द गाळला तर नुसत्या आकड्यातून सकाळ की रात्र कळणार नाही, म्हणून तो प्रत्येक वेळी हवा.

वाराचं: जुमामोसी म्हणजे शनिवारच, तुमचं बरोबर आहे. तिकडं आठवडा शुक्रवारनंतर मोजायला सुरू होतो. जुमामोसी शनिवार, जुमापीली रविवार, जुमाताटू नव्हे, जुमातातू सोमवार (त दंत्यच), जुमान्ने मंगळवार, जुमातानो बुधवार, मग आल्हामीसी गुरुवार आणि इजुमाआ शुक्रवार. जुमातातूत 'तीन' आहे म्हणून तो बुधवार धरला, असं होतं. आकड्यावरून वार काढायचाच नाही.

पत्रिकेचा सांगाडा असा लावा:

"फामिलिया या ब्वाना ना बीबी …… इनायो फुराहा कुकुआलीका …… कातीका शेरेहे या हारूसी या किजाना वाओ म्पेंदवा ……, इताकायोफान्यीका सिकू या जुमामोसी, तारेहे ……, कुआंझीआ साआ १:०० उसीकू, कातीका उकूम्बी वा ……"

म्हणजे: श्री. व सौ. …… यांचं कुटुंब …… यांना आपल्या लाडक्या मुलाच्या, ……च्या, लग्नसोहळ्याचं आनंदानं आमंत्रण देतंय; सोहळा शनिवारी, तारीख ……, संध्याकाळी सातपासून, …… सभागृहात. दुसरी रिकामी जागा पाहुण्याच्या नावाची, ती हातानं भरतात, तिथं ठिपक्यांची रेघ पुरेशी लांब ठेवा. पाहुणा एक असेल तर 'कुकुआलीका', अनेकांना मिळून असेल तर 'कुवाआलीका'. मुलाकडची पत्रिका असेल तर 'किजाना वाओ', मुलीकडची असेल तर 'बिंती याओ'. वाओचं याओ होतं, ते राहून जातं. खाली 'माजीबू क्वा' म्हणजे येण्याचं कळवण्यासाठी, आणि त्याखाली फोन.

देवगिरी_वाचक

छान चाललंय. हळदीचा कार्यक्रम असेल तर काय लिहायचं? किनाऱ्यावर 'सिंगो' असतं असं वाचलंय. आणि 'उन्यागो'? दुसरं, खुलताबादच्या उरुसाला मुलांना न्यायचंय, त्याला हारूसी म्हणता येईल का, शब्द एकाच घरातले दिसतात म्हणून विचारलं. आणि बोर्डावर मलिक अंबरचं चित्र टाकलं तर त्यांना जवळचं वाटेल ना?

औसेकर

सिंगो म्हणजे नवरीला लावायचं सुगंधी उटणं, चंदन आणि फुलांचं. त्यात हळदच मुख्य असते असं नाही, म्हणून आपल्या हळदीला सिंगो म्हणू नये. सरळ सांगा: 'शेरेहे या कुपाका मांजानो', हळद लावण्याचा सोहळा. न बघताही त्यांना चित्र दिसेल. मेंदीला 'हीना' चालतं.

उन्यागोला हात लावू नका, ताई. तो मुलींना वयात आल्यावर बायकांनी बंद दाराआड द्यायच्या शिकवणीचा संस्कार आहे. शिकवणारी 'कुंगवी', शिकणारी 'म्वाली', मुलांचा तो 'जांदो'. झांझिबारच्या ताराब (तिकडच्या किनाऱ्यावरचं संगीत) गायिका बी किदूदे, ज्या २०१३ मध्ये गेल्या, त्या उन्यागोच्या ढोलासाठीही नावाजलेल्या होत्या, त्यामुळं शब्द बाहेर ऐकू येतो. पण पत्रिकेवर सजावट म्हणून घालायचा तो शब्द नाही.

उरूस आणि आरूसी दोन्ही अरबीतल्या लग्नाच्या शब्दावरून आलेत हे खरंय. पण स्वाहिली माणसाला हारूसी म्हटलं की नवरानवरीच दिसणार. दर्ग्याच्या उरुसाचं नाव बदलू नका, 'उरूस' असंच ठेवा आणि पुढं एका ओळीत समजावा. नावं अशीच टिकवायची असतात. झांझिबारच्या माकुंदूची गावात जुलैमध्ये 'म्वाका कोग्वा' होतो. पुरुष केळीच्या दांड्यांनी लुटुपुटूची लढाई करतात, गवताची झोपडी पेटवतात. त्यालाही आपण नववर्षाची शेरेहे म्हणून मोकळं होत नाही, म्वाका कोग्वाच म्हणतो.

मलिक अंबरचं चित्र जरूर टाका, १६१० मध्ये खडकी वसवणारा माणूस आहे, या शहराचा तो हक्क आहे. फक्त खाली 'स्वाहिली' लिहू नका. तो हबशी, म्हणजे इथिओपियाचा. टांझानियाच्या मुलाला इथिओपिया हा दुसराच देश आहे.

शब्दवेल_नांदेड

सूत्रसंचालनाचं मी घेते. ताईंना पहिलं हे सांगा की जोर नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर. शे-रे-हे, हा-रू-सी, म्वा-ली-को. शब्द लांबला की जोरही पुढं सरकतो: स्वागत करताना एकाला का-री-बू, पण सगळ्या सभेला का-रि-बू-नी. होंगेरा एकाला, माहारूसी दोघं आहेत म्हणून त्यांना 'होंगेरेनी'. स्टेजवरून जोडप्याला नुसतं होंगेरा म्हटलं तर एकाचंच अभिनंदन होतं.

'म्चांगो', 'म्गेनी' यांतला म् हे स्वतंत्र अक्षर आहे. ओठ मिटून किंचित थांबायचं, मग पुढं. आपण मराठी माणसं सवयीनं 'मचांगो', 'मुगेनी' करतो, तिथं गडबड होते. च नेहमी चहातला, चमच्यातला कधीच नाही. ज जीवनातला. झ म्हणजे झेब्रातला झ, जीभ न अडकवता. 'ङ्गोमा' म्हणजे ढोल आणि ढोलाबरोबरचा नाच, त्याची सुरुवात 'अंग' शब्दातला अ काढून टाकल्यावर जे उरतं त्यानं होते. आधी 'अंगोमा' म्हणून बघा, मग अ सोडा.

बोलायचं असं: सुरुवातीला "माबीबी ना माब्वाना, हाम्जाम्बो?" म्हणजे सभ्य स्त्री-पुरुषहो, कसे आहात? सभा म्हणेल "हातुजाम्बो", आम्ही बरे आहोत. उत्तर येईपर्यंत थांबायचं, लगेच पुढचं वाक्य सुरू केलं तर उद्धट वाटतं. मग "कारिबूनी साना". प्रमुख पाहुण्याला 'म्गेनी रास्मी'. समोर वयस्कर कोणी असेल तर त्यांना "शिकामो-ओ" म्हणावं, ते "माराहाबा" म्हणतील. बरोबरीच्या मुलाला शिकामो-ओ म्हणू नये, तो वयाचा मान आहे.

टांझानियातले वक्ते व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं न घेता "इतिफाकी इमेझिंगातीवा" म्हणतात, म्हणजे मानक्रम पाळला आहे असं धरावं. आपल्याकडं मान्यवरांच्या नावांतच दहा मिनिटं जातात. एकदा नावं घेऊन झाल्यावर पुढच्या वक्त्यांनी हे वाक्य वापरलं तर मुलं खूश होतील, कार्यक्रमही सुटसुटीत होईल. टाळ्यांसाठी "माकोफी!" पुरे. बायका जीभ हलवत उंच आवाज काढतात त्याला 'विगेलेगेले' म्हणतात. तो सुरू झाला की माइकवर बोलायचं नाही, संपू द्यायचा. आनंदाचा आवाज आहे, गोंधळ समजून 'शांत बसा' म्हणू नका.

छापखाना_जालना

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रिका मुलाकडचीच आहे आणि विधी तिकडं झालाय, म्हणजे 'कुवापोंगेझा माहारूसी' घेतो. वेळ साआ १:०० उसीकू लावली आणि प्रूफवर शेरा मारला. निरोपाच्या फ्लेक्सवरचं सेंड-ऑफ काढलं. एकच अडचण, पत्रिकेची रुंदी साडेचार इंच, आणि इताकायोफान्यीकासारखा शब्द ओळीत मावत नाही. कुठं तोडू?

गोदाकाठ

स्वरानंतर तोडा. स्वाहिलीत जवळपास प्रत्येक अक्षर स्वरानं संपतं, त्यामुळं इ-ता-का-यो-फा-न्यी-का यातल्या कुठल्याही ठिकाणी तोडरेघ चालते, पण 'यो' नंतर तोडलं तर वाचायला सगळ्यांत सोपं, कारण पुढं मूळ क्रियापद अख्खं राहतं. 'न्य', 'च', 'श' ही रोमनमध्ये दोन-दोन अक्षरांनी लिहितात, त्यांच्या मधून कधी तोडू नका. सॉफ्टवेअरची आपोआप तोडणी बंद ठेवा, ती इंग्रजीच्या नियमानं तोडते आणि नेमकी तिथंच कापते. आणि 'या', 'ला', 'वा', 'झा' हे ओळीच्या शेवटी एकटे सोडू नका, पुढच्या शब्दाबरोबर खाली घ्या. माहारूसींची नावं मात्र तोडायचीच नाहीत. मावत नसतील तर टाइप एक पॉइंट लहान करा.